आधीच पडलेली टाळी

१

आमच्या दुकानात कौतुक तयार मिळतं. बुधवार पेठेत, रिमोट आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्यांच्या ओळीत, मधेच एक काचेचा दरवाजा आहे. आत ट्रॉफ्या, सन्मानचिन्हं, शाली आणि मानपत्रं. ट्रॉफीवर नाव कोरायचं काम मालक श्रीधर स्वतः करतात, मानपत्रं मी लिहितो. माझं नाव बुद्धभूषण. एकवीस वर्षांत निदान तीन हजार माणसांना मी कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ आणि हसतमुख केलं आहे, आणि त्यातल्या एकालाही ओळखत नव्हतो.

काम सोपं होतं. माझ्याकडे चार साचे होते: शिक्षक, सरकारी नोकर, दवाखान्यातले आणि उरलेले. नाव, हुद्दा, तारीख बदलायची, जाड कागदावर छापायचं, फ्रेममध्ये घालायचं. निरोप समारंभात कुणीतरी ते घसा खाकरून वाचतं, लोक जेवणाच्या टेबलाकडे डोळे लावून ऐकतात, आणि आठवड्याभरात फ्रेम कपाटावर जाते. कुणाचं काही बिघडत नाही.

बिघडलं ते मागच्या डिसेंबरात. वीज खात्यातले संजय नावाचे एक इंजिनिअर निवृत्त होत होते. घाईत माझ्याकडून दवाखान्याच्या साच्यातलं एक वाक्य तसंच राहिलं, आणि दीडशे लोकांसमोर त्यांच्या साहेबांनी खणखणीत आवाजात वाचलं, "आपल्या हातून सातशेहून अधिक बाळंतपणं सुखरूप पार पडली." सगळा हॉल हसून लोळला. संजयरावांच्या सौभाग्यवती तेवढ्या हसल्या नाहीत.

फ्रेम दुकानात परत आली. श्रीधरांनी ती काउंटरवर उभी केली, चष्मा कपाळावर चढवला आणि अथपासून इतिपर्यंत वाचली.

"भूषण, तुमचा हात आता फारच बसलाय," ते म्हणाले. "त्याला जरा उठवा."

एवढंच. श्रीधर पुण्याच्या नारायण पेठेत वाढले आहेत. त्यांना याहून जास्त रागवायची गरज पडत नाही.

२

दुसऱ्याच आठवड्यात त्यांची मुलगी अपेक्षा आली आणि माझ्या कॉम्प्युटरवर 'ओघ' नावाचा प्रोग्राम घालून गेली.

"काका, हे शुद्धलेखन बघत नाही, स्टाईल चेक करतं," ती म्हणाली. "कुठे बोअर होतंय, कुठे रिपीट होतंय, सगळं दाखवतं. आणि लिहून झालं की हे बटण दाबायचं, 'वाचून दाखवा'. स्वतःचं स्वतः ऐकलं की चुका कळतात."

पहिल्या दिवशी मी माझं सगळ्यात लाडकं मानपत्र त्यात टाकलं. ते रंगपंचमी खेळून आल्यासारखं झालं. लांब वाक्यं पिवळी, विशेषणं गुलाबी, आणि बाजूला सारखी एकच टीप: 'या वाक्यातून काय दिसतं?' कर्तव्यदक्ष. काय दिसतं? सेवाभावी. काय दिसतं? मला इतका राग आला की मी त्या यंत्राला तोंडावर उत्तर दिलं, "तुझं डोंबल दिसतं."

पण बाळंतपणाचा डाग ताजा होता, म्हणून मी हट्टाने बसलो. आमचं दुकान एक ते चार बंद असतं. श्रीधर जेवायला आणि वामकुक्षीला घरी जातात, मी शटर अर्धं ओढून आत डबा खातो. तेवढे तीन तास पेठ जरा श्वास घेते. लांबून दगडूशेठच्या देवळातली घंटा, मधेच एखादी रिक्षा, आणि डोक्यावर करकरणारा पंखा. त्या वेळात मी लिहायला लागलो.

पोपटराव नावाचे सिटी बसचे ड्रायव्हर निवृत्त होत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या घरी फोन करून विचारलं की तुमचे वडील नेमके कसे आहेत हो? त्यांच्या मुलीने अर्धा तास सांगितलं. मी त्यातलं एक वाक्य घेतलं: 'तेहतीस वर्षं प्रत्येक वळणाआधी आपण ओरडलात, धरा, वळतोय!' ओघने ते रंगवलं नाही. मी हेडफोन लावले आणि बटण दाबलं.

बाईचा यांत्रिक, सपाट आवाज वाचत गेला. 'धरा, वळतोय' झालं, आणि मागे कुणीतरी टाळी वाजवली. एक. मग दुसरी. मग तिसरी. सावकाश, जाड तळव्यांची. त्यामागोमाग बऱ्याच टाळ्या आणि हशा, आणि एक स्टीलचा पेला पडून गडगडत गेल्याचा आवाज. एक बाई म्हणाली, "राहू दे गं." मग तो सपाट आवाज पुढचं वाक्य वाचायला लागला.

मी हेडफोन काढले. पंखा करकरत होता. शटरखालून उन्हाची पट्टी आत आली होती, आणि बाहेर एक कुत्रं झोपलं होतं.

अपेक्षाला फोन केला. "यात टाळ्यांचे आवाजही घातलेत का गं?"

"नाही हो काका. साधं टेक्स्ट वाचतं ते. मागे यूट्यूब चालू राहिलं असेल."

तसंच असेल, असं मी म्हणालो. यूट्यूब चालू नव्हतं.

३

पोपटरावांची फ्रेम द्यायला मी स्वतः गेलो. एरवी सहसा जात नाही. येरवड्यात, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर, एका छोट्या कार्यालयात समारंभ होता. मी खांबाला टेकून उभा राहिलो आणि स्वतःला बजावलं की तू फक्त जेवायला आला आहेस.

डेपोचे साहेब वाचायला लागले. 'धरा, वळतोय' आलं. आणि मागून एक टाळी पडली. मग दुसरी. मग तिसरी. सावकाश. मग सगळं कार्यालय हसत टाळ्या वाजवायला लागलं, एका पोराच्या धक्क्याने पेला पडला आणि खुर्च्यांखालून गडगडत निघाला. त्याच्या मागे धावणाऱ्या मुलीला तिची आई म्हणाली, "राहू दे गं."

पहिल्या तीन टाळ्या जिकडून आल्या तिकडे मी वळून बघितलं. शेवटच्या दोन रांगा रिकाम्याच होत्या. त्यांच्या मागे केटररची पातेली.

घरी येईपर्यंत माझ्या डोक्याने वकिली सुरू केली होती. पेले प्रत्येक समारंभात पडतात. 'राहू दे गं' हे वाक्य पुण्यात दिवसातून लाखभर बायका म्हणत असतील. आणि टाळी तर काय, टाळीसारखीच असणार. मुद्दे बिनतोड होते. तरी रात्री जेवताना मी दोनदा मागे वळून पाहिलं, आणि बायको दीपमाला म्हणाली, "कोण आलंय का?"

पण खरं सांगू का? त्या भीतीच्या खाली मला आनंद झाला होता. पोपटराव रडले होते. सुटलेल्या पोटाचा तो आडदांड माणूस फ्रेम छातीशी धरून हुंदके देत होता, आणि ते वाक्य मी लिहिलं होतं.

४

पुढचे चार महिने मी जसं लिहीत होतो तसं आधी कधी लिहिलं नव्हतं. रोज एक ते चार. लिहायचं, रंग काढायचे, हेडफोन लावायचे, ऐकायचं.

ओघने जे शिकवलं नसतं ते त्या आवाजांनी शिकवलं. 'आपण शिस्तप्रिय आहात' म्हटलं की मागे फक्त खोकला ऐकू येई. 'आपण दहा वाजता यायचात म्हणून कॅन्टीनवाला घड्याळ लावायचा' म्हटलं की हशा. विशेषण काढलं की टाळी मोठी होई. एखादं वाक्य दोन शब्दांनी लांबलं तरी हशा अडखळे, मी ते दोन शब्द काढले की मोकळा होई. आणि सगळ्यांच्या आधी, नेहमी, त्या तीन संथ टाळ्या. मी त्यांना मनातल्या मनात 'मागचे गृहस्थ' म्हणायला लागलो. ते खूश झाले की वाक्य जमलं.

वसतिगृहात एकोणतीस वर्षं भाकरी भाजणाऱ्या सुशीलाबाईंचं मानपत्र मी अकरा वेळा लिहिलं. दहा वेळा गृहस्थ गप्प. अकराव्यांदा मी लिहिलं, 'परीक्षेच्या दिवशी आपण विचारायचात, पेपर कसा गेला ते नंतर, आधी खाल्लंस का सांग.' तीन टाळ्या पडल्या, आणि एक म्हातारी हसता हसता रडायला लागल्याचा आवाज आला. आठ दिवसांनी हॉलमध्ये सुशीलाबाई अगदी तशाच हसल्या आणि रडल्या. मी खांबाजवळ उभा राहून त्यांच्याबरोबर डोळे पुसले.

दुकानात गर्दी वाढली. श्रीधर म्हणाले, "हात उठलाय म्हणायचा." त्यांच्या भाषेत हा पुरस्कार आहे.

भीती गेली नव्हती. ती बाजूला बसून डबा खात होती. एकदा एका साहेबाचं मानपत्र मी त्याच्या कचेरीच्या दडपणाखाली खोटं लिहिलं. माणूस सगळ्यांना छळणारा, आणि मी त्याला प्रेमळ केला. ऐकताना मागे एक खुर्ची सरकली, चपला वाजल्या, दार उघडलं आणि लागलं. त्यानंतर हेडफोनमध्ये इतकी शांतता पसरली की मला माझंच गिळणं ऐकू आलं. मी ते मानपत्र पुसून टाकलं आणि साहेबाला नुसती ट्रॉफी दिली.

५

आम्रपालीताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो आणि आमचे वडील कोंडीराम पिंपरीच्या कारखान्यात पाळ्या करायचे. मला डबा, शाळा, मार, मलम, सगळं ताईने दिलं. तिचं लग्न राहून गेलं ते कुणामुळे, हे आमच्या घरात कुणी बोलत नाही. ती आमच्याबरोबरच राहते. चौतीस वर्षं मूकबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होती, आणि एकतीस मेला निवृत्त होणार होती.

तिच्या शाळेत मी कधी गेलो नव्हतो. कॉलेजात असताना एकदा बसमध्ये तिला तिचा एक विद्यार्थी भेटला आणि ती त्याच्याशी हातांनी बोलायला लागली. सगळी बस बघत होती. मी उठून पुढच्या दाराजवळ जाऊन उभा राहिलो, जणू मी तिचा कुणी नाही. तिने ते बघितलं. तीस वर्षांत ती त्यावर एक अक्षर बोलली नाही, आणि मला त्याची लाज अजून वाटते.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं स्वयंपाकघरात आंबे चिरत होतो.

"भूषण, ऐक," ती म्हणाली. "छातीत गाठ आहे. सुई घालून तपासायला दिलीय. रिपोर्ट महिनाअखेरीस येईल. ही फोड घे, गोड आहे."

"ताई..."

"नाक ओढू नकोस. रडायला लागलास की तू असा नाक ओढतोस, जसा काही पंप. रिपोर्ट येऊ दे, मग काय ते बघू. आणि शाळेवाले म्हणतायत, मानपत्र तूच लिहायचं आणि तूच वाचायचं."

"मुलं असतील?"

"मेमध्ये? सगळी आपापल्या गावी. वीसेक शिक्षक, संस्थेचे लोक, झालं."

मी दुकानात बसलो आणि तीन दिवसांत ताईचं मानपत्र लिहिलं. फोन करायची गरज नव्हती. 'ज्यांना कुणी हाक मारली नाही त्यांना आपण नावं दिलीत.' असलं भारदस्त काही नाही, साधंच. ती रात्री आरशासमोर बसून नवीन शब्द हातांनी घोकायची, ते. शनिवारी मुलांचे सदरे घरी आणून बटणं लावायची, ते. ओघने एकही शब्द रंगवला नाही. असं पहिल्यांदाच झालं.

बटण दाबलं. सपाट आवाज वाचत गेला. बटणांचं वाक्य झालं.

टाळी नाही.

पुढचं वाक्य. टाळी नाही. गृहस्थांच्या तीन टाळ्याही नाहीत. हॉल रिकामा नव्हता, माणसं होती. पंखे होते, बांगड्या किणकिणल्या, कपड्यांची सळसळ झाली. जिथे जिथे टाळी पडायला हवी तिथे तिथे नुसती सळसळ. मधेच कुणीतरी घशातल्या घशात अर्धवट आवाज काढला, जसं रडणं दाबून धरावं. मग मानपत्र संपलं. बराच वेळ काहीच नाही. आणि मग एकदम, सगळ्या हॉलभर, खुर्च्या सरकल्या. सगळे उभे राहिले. आणि शांतता.

हा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला होता. धोंडिबा नावाचा, दुसऱ्या एका शाळेचा शिपाई निवृत्तीच्या चार दिवस आधी वारला. मानपत्राची फ्रेम तयार होती, म्हणून ती मी शोकसभेत नेऊन दिली आणि तिथे ती वाचली गेली. वाचून झाल्यावर सगळे असेच एकदम उभे राहिले होते, दोन मिनिटं.

हेडफोनमध्ये ती शांतता चालूच होती. मग अगदी जवळ, कुणीतरी रडायला लागलं. पुरुष. आणि त्याने नाक ओढलं.

तो मी होतो.

६

मी मानपत्र बदललं. विनोद घातले. ताईचं तिरकस बोलणं घातलं. सळसळ, खुर्च्या, शांतता, मी. दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून वेगळं लिहिलं. तेच. तिसऱ्या दिवशी माझ्या मनात आलं की हे सगळं माझ्या लिहिण्यातून येत असेल, तर लिहिलंच नाही म्हणजे झालं. मी सगळं पुसलं. कोरं पान ठेवलं आणि बटण दाबलं.

वाचणारी बाई गप्प होती. वाचायला काही नव्हतंच. पण हॉल होता. पंखे. बांगड्या. आणि मग, माझ्या एकाही शब्दाशिवाय, सगळ्या खुर्च्या एकदम सरकल्या.

मी हेडफोन भिरकावले. ते ट्रॉफ्यांच्या रांगेवर आदळले आणि एक सोनेरी देवदूत खाली पडून त्याचा पंख तुटला. चार वाजता श्रीधर आले. त्यांनी तो पंख उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच काही तिरकस बोलले नाहीत. "घरी जा," म्हणाले. "बहिणीजवळ बसा."

ताई पलंगावर बसून शाळेच्या कपाटाच्या किल्ल्यांना चिठ्ठ्या लावत होती.

"समारंभ नको," मी म्हणालो. "पुढे ढकल. रिपोर्ट येऊ दे."

"का?"

काय सांगणार? की कॉम्प्युटरमध्ये मी तुझी शोकसभा ऐकली? "मला भीती वाटते," मी म्हणालो. तेवढं तरी खरं होतं.

तिने किल्ली खाली ठेवली. "भूषण, तू सगळ्या गावाची मानपत्रं लिहितोस. परवा त्या बस ड्रायव्हरची मुलगी दुकानात तुझ्या पाया पडली, दीपमालाने सांगितलं. माझ्या शाळेत एकदा तरी आलास का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग ये. एकदाच ये. मी असेन नसेन ते नंतर."

मी जुनं मानपत्र आठवून आठवून परत लिहिलं. या वेळी ऐकलं नाही.

७

शाळेचं सभागृह पहिल्या मजल्यावर. जिना चढताना मी मनाशी वीस माणसं मोजत होतो. दारातून आत गेलो आणि तिथेच थांबलो.

सभागृह गच्च भरलं होतं. चारशे माणसं तरी असतील. कडेवर पोरं घेतलेल्या बाया, टक्कल पडलेले पुरुष, कंपनीच्या गणवेशात आलेले कामगार. ताईची धाकटी सहकारी अक्षता धावत आली. "सर, बाईंना सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षांतली सगळी मुलं आहेत. नागपूरहून आलेत, अमरावतीहून आलेत. व्हिडिओ कॉलवर सगळ्यांना गोळा केलं." ताई स्टेजवर पदर तोंडाला लावून उभी होती. माझी ताई, जिला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

अक्षता माझ्याशेजारी उभी राहिली. मी वाचायचं, ती हातांनी सांगणार. मी वाचायला लागलो. बटणांचं वाक्य आलं, संपलं, अक्षताचे हात थांबले.

टाळी नाही.

बांगड्या किणकिणल्या. कपडे सळसळले. मी कागदावरून डोळे वर केले.

सगळ्या सभागृहाचे हात वर होते. आठशे हात, बोटं पसरून, हवेत थरथरत होते. कुणाच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घरंगळत होत्या. कुणाच्या घशातून आनंदाचा ओबडधोबड आवाज निघत होता, ज्याला मी रडणं समजलो होतो. "ही आमची टाळी, सर," अक्षता हळूच म्हणाली.

त्यानंतर मी कसं वाचलं मला माहीत नाही. प्रत्येक वाक्याला हात वर जात होते. मला हसू फुटत होतं आणि मी हसत हसत वाचत होतो. तीस वर्षांपूर्वी मी ज्या हातांपासून पुढच्या दाराशी पळालो होतो, ते सगळे एकदम माझ्यासमोर नाचत होते.

मानपत्र संपलं. ताई पुढे आली. माईककडे तिने बघितलंही नाही. ती हातांनी बोलायला लागली, भरभर, आणि सगळे डोळे तिच्या हातांवर. मला एक अक्षर कळत नव्हतं. मग तिने उजवा हात छातीवर ठेवला आणि बोटांनी एक छोटा गोल केला. गाठ. तेवढं मला कळलं. तिने पर्सकडे बोट केलं, मग आणखी दोन-तीन खुणा केल्या आणि हात खाली सोडले.

आणि सगळ्या खुर्च्या एकदम सरकल्या.

तोच आवाज. अगदी तोच. चारशे माणसं उभी राहिली होती, पुढच्या रांगेतल्या बायकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्या सबंध सभागृहात काय झालं हे न कळलेला मी एकटाच होतो. मी अक्षताचा दंड धरला. "काय म्हणाली? काय म्हणाली ती?"

अक्षता रडत होती. मग ती हसली. "गाठ साधी निघाली, सर. रिपोर्ट सकाळीच आलाय, पर्समध्ये आहे. आणि म्हणाल्या, भावाला सगळ्यात शेवटी सांगा. आधी कळलं असतं तर वाचायचं सोडून रडत बसला असता."

सगळे हात वर गेले. आणि मी रडायला लागलो, माईकच्या अगदी जवळ, आणि नाक ओढलं.

ताई माझ्याकडे बघून हसत होती. तिने स्वतःच्या नाकाकडे बोट नेऊन पंप मारल्याची खूण केली, आणि ती सगळ्यांना कळली. मलासुद्धा.

तेव्हा मला मागचे गृहस्थ आठवले. आज त्यांची टाळी आली नव्हती. मी सगळ्या हातांवरून पलीकडे, शेवटच्या भिंतीकडे बघितलं. तिथे दार होतं, बंद. दारासमोर खुर्ची नव्हती, माणूस नव्हता. पण सगळ्यांच्या हातांच्या मागे, त्या दारापुढे, आणखी दोन हात वर होते. जाड तळव्यांचे. त्यांच्याखाली दाराचा हिरवा रंग सरळ खालपर्यंत दिसत होता. ते हात बाकीच्यांसारखे थरथरत नव्हते. नवशिक्याने शेजाऱ्याचं बघून करावं तसे ते हलले. एकदा. मग दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. सावकाश, आणि अजिबात आवाज न करता.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तरी मी कागद खाली ठेवला, दोन्ही हात वर केले आणि बोटं पसरून त्यांना दाखवलं की असं, असं करायचं.